हातात उरलेली नोंद : प्रस्तावना

नेटवर्कवरच्या फाइलींशी लिनक्समधून काम करणाऱ्याला 'स्टेल फाइल हँडल' हा संदेश कधी ना कधी भेटतोच. कर्नलच्या त्रुटींच्या यादीत त्याचा क्रमांक ११६. तो आला की बहुतेक जण वैतागून त्या डिरेक्टरीतून बाहेर पडतात, पुन्हा आत शिरतात, फारच झालं तर माउंट काढून परत लावतात आणि कामाला लागतात. मला मात्र हा कर्नलच्या सर्वांत प्रामाणिक संदेशांपैकी एक वाटतो. तुम्ही सांगता ती वस्तू माझ्याकडे होती, आता नाही, आणि तिच्या जागेवर आज जे काही आहे ते मी तुमच्या हातात देणार नाही, एवढं सगळं तो तीन शब्दांत सांगतो.

यामागची गोष्ट एनएफएसची, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीमची आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात ही यंत्रणा बांधली तेव्हा सर्व्हरने ग्राहकांबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नाही असं ठरलं. कोणी कुठली फाइल उघडली आहे याची वहीच सर्व्हरकडे नव्हती. त्यामुळे सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी ग्राहकाला थोडं थांबण्यापलीकडे काही करावं लागत नसे. पण मग ओळख पटवण्याचा सगळा भार ग्राहकाजवळच्या हँडलवर येई. हँडलमध्ये फाइलचा आयनोड क्रमांक असतो आणि फाइल पुसली गेली की तो क्रमांक दुसऱ्या फाइलला दिला जाऊ शकतो. सकाळी जिथे पगारपत्रक होतं तिथे दुपारी कोणाचा तरी फोटो असू शकतो. जुनं हँडल घेऊन आलेल्याला सर्व्हरने भाबडेपणाने आत सोडलं तर पगाराचे आकडे फोटोच्या पोटात जातील, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून हँडलमध्ये आणखी एक आकडा घातला गेला : पिढी. आयनोड नव्या फाइलला दिला की पिढी बदलते. क्रमांक जुळला पण पिढी जुळली नाही, तर हँडल शिळं.

कर्नलच्या कॅशेतल्या नोंदी अशाच दोन तऱ्हांनी फसवतात. पहिली तऱ्हा ओळखीची आहे : नोंद जागच्या जागी आहे, पण ती ज्याच्याबद्दल बोलते ते जग मधल्या काळात बदललं. दुसरी जास्त कावेबाज : तुम्ही नोंदीचा पत्ता हातात धरून आहात आणि त्या पत्त्यावर आता दुसरीच नोंद राहायला आली आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात कॅशे म्हटलं की हिट रेशो, एलआरयू, राइट-बॅक हे येतं, म्हणजे वेगाचा हिशेब येतो. पहिल्या तऱ्हेला एखादा परिच्छेद मिळतो. दुसरीचं नाव फारसं निघत नाही. कर्नलमधले रात्रीची झोप उडवणारे दोष मात्र बरेचसे या दुसऱ्या तऱ्हेचे निघतात. (कॅशे आणि नामकरण यांच्या अवघडपणाबद्दलचं ते प्रसिद्ध विनोदी वाक्य या पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. ते ऐकून लोक हसतात आणि पुढे विचार करायचं थांबतात.)

कर्नल जवळजवळ कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा मुळापासून शोधत नाही. फाइलच्या नावावरून आयनोड शोधला की त्या दोघांची जोडी, म्हणजे डेन्ट्री, तो डेन्ट्री कॅशेत ठेवतो. फाइलमधला मजकूर पेज कॅशेत. शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता नेबर टेबलात. आभासी पत्त्यावरून खरा पत्ता काढला की प्रोसेसर स्वतःच तो टीएलबीत ठेवतो. या प्रत्येक ठिकाणी नोंद कशी घालायची हे सोपं आहे. ते दोन दिवसांत शिकवता येतं. ती बाद कशी करायची हे शिकवायला हे पुस्तक लागलं, कारण बाद करायच्या क्षणी ती नोंद कोणाकोणाच्या हातात आहे हे बाद करणाऱ्याला माहीत नसतं.

सिस्टीम सांभाळणाऱ्या कोणालाही हे एका उदाहरणाने पटेल. डिस्क भरली म्हणून तुम्ही भलीमोठी लॉग फाइल पुसता. डिरेक्टरीत बघता तर फाइल नाही. डीयूचा आकडा कमी झालेला, पण डीएफचा जागचा हललेला नाही. एखादी प्रक्रिया ती फाइल अजून उघडी धरून बसलेली असते, आणि प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रक्रियेच्या फाइलींकडे पाहिलं तर नावापुढे कंसात 'डिलिटेड' लिहिलेलं सापडतं. फाइल शोधून मिळत नाही, पण ती आहे. कर्नलमधलं डी-डिलीट हे छोटं फंक्शन नेमका हाच निर्णय घेतं. डेन्ट्री दुसऱ्या कोणाच्याच हातात नसेल तर तिचं रूपांतर 'असं नाव इथे नाही' अशा नकारात्मक नोंदीत करून टाकायचं. कोणी धरून बसलं असेल तर तिला हात न लावता फक्त हॅश टेबलातून सोडवायचं. नवा शोध घेणाऱ्याला ती दिसणार नाही. ज्याच्या हातात आहे त्याच्यापुरती ती जिवंत राहील आणि शेवटचा हात सुटला की मरेल.

हे दोन क्षण, शोधता न येण्याचा आणि मोकळं होण्याचा, एकमेकांपासून तोडणं ही या सगळ्या विषयातली मूळ युक्ती आहे असं माझं मत आहे. पुढची बहुतेक प्रकरणं म्हणजे या दोन क्षणांमधल्या पोकळीत काय काय घडू शकतं याची हकिगत आहे. गावाकडे जमीन घेणाऱ्याला ही पोकळी चांगली ठाऊक असते. फेरफार मंजूर झाला म्हणून लोकांच्या कपाटांतले जुने सातबारा उतारे आपोआप जळून जात नाहीत. व्यवहार करणाऱ्याने त्या दिवशीचा उतारा काढून नाव पुन्हा बघायचं असतं. कर्नलमध्येही जबाबदारी अशीच वाटलेली आहे. बाद करणारा नोंद फक्त दिसेनाशी करतो. खातरजमा करायची ती वापरणाऱ्याने, आणि तीही नोंद घट्ट धरल्यावर, आधी नाही.

'धरल्यावर' या अटीवर मी थोडा अडून बसणार आहे. पेज कॅशेतून एखादं पान शोधून घ्यायचं आहे असं समजा. पूर्वी त्यासाठी कुलूप लागायचं. २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत निक पिगिन यांनी ते कुलूप काढून टाकलं आणि शोध कुलपाविना केला. आता वाचणारा कॅशेच्या झाडातून पानाचा पत्ता उचलतो, त्याचा संदर्भमोजणीचा आकडा शून्य नसेल तरच एकाने वाढवतो, आणि मग मागे वळून पाहतो : ज्या खणातून पत्ता उचलला त्या खणात अजून तोच पत्ता आहे का? नसेल तर पान सोडून देतो आणि शोध पहिल्यापासून सुरू करतो. हे मागे वळून पाहणं पहिल्या वाचनात फुकटचं वाटतं. आत्ताच तर पाहिलं! पण पत्ता उचलणं आणि आकडा वाढवणं या दोन्हींच्या मध्ये ते पान पुसलं जाऊन, मोकळं होऊन, दुसऱ्याच फाइलच्या सेवेत रुजू झालेलं असू शकतं. आकडा वाढवल्यानंतर ते पळून जाऊ शकत नाही, म्हणून त्यानंतर केलेली तपासणीच खरी. पुढे पानाला कुलूप लावायचं असेल तर कुलूप मिळाल्यावर आणखी एकदा बघावं लागतं की पान अजून त्याच फाइलचं आहे ना. कुलपाची वाट पाहताना फाइल छाटली गेलेली असू शकते.

शून्य नसेल 'तरच' वाढवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. शून्यावर आलेली वस्तू मरणपंथाला लागलेली असते. तिचा आकडा शून्याचा एक करणाऱ्याला वाटतं आपण तिला वाचवलं. मोकळं करणारा तर केव्हाच पुढे गेलेला असतो.

या सगळ्याच्या पायाशी आरसीयू नावाची पद्धत आहे. पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी सीक्वेंट कंपनीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती डायनिक्स या युनिक्ससाठी घडवली, आणि ऑक्टोबर २००२मध्ये २.५.४३ या आवृत्तीतून ती लिनक्समध्ये आली. वाचणाऱ्याने कुलूप घ्यायचं नाही. बदलणाऱ्याने जुनी नोंद साखळीतून सोडवायची, हवी तर नवी जोडायची, पण जुनीची स्मृती लगेच मोकळी करायची नाही. त्या वेळी आत असलेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबायचं; या थांबण्यालाच ग्रेस पीरियड म्हणतात. लिनक्सच्या डेन्ट्री कॅशेला ही पद्धत लावण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत दीपंकर सर्मा आणि मनीष सोनी हे आयबीएमच्या बंगलोरच्या लिनक्स विभागातले अभियंते होते. मॅकेनींसोबत त्यांनी लिहिलेला त्याविषयीचा लेख जानेवारी २००४च्या लिनक्स जर्नलमध्ये आला होता. पुण्या-मुंबईत आज फाइल सिस्टीम आणि स्टोरेजवर काम करणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आरसीयूबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, तो आधीच दूर केलेला बरा. आरसीयू नोंद अस्तित्वात असल्याची हमी देतो, ती ताजी असल्याची देत नाही. वाचक आत असताना नोंद साखळीतून सुटली तर वाचकाला जुनीच नोंद दिसत राहील, आणि नियमानुसार ते बरोबर आहे. त्या शिळेपणाने काही बिघडतं का, हा प्रश्न प्रत्येक वापरणाऱ्याने स्वतःला विचारायचा. मार्ग शोधणाऱ्या पॅकेटला क्षणभर जुना रस्ता मिळाला तर चालतं. परवानगी तपासताना जुनी परवानगी मिळून चालत नाही.

कर्नलमध्ये याहून कमकुवत हमी असलेलाही एक प्रकार आहे, आणि अननुभवी माणूस सगळ्यात जास्त तिथेच घसरतो. काही स्लॅब कॅशेंवर असा झेंडा लावलेला असतो की त्यांतली एखादी वस्तू मोकळी झाली की ती वाचकांची वाट न पाहता तत्क्षणी पुन्हा वाटली जाऊ शकते. फक्त त्या स्मृतीचा प्रकार बदलणार नाही. सॉकेटच्या जागी सॉकेटच येईल, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी असेल. या झेंड्याच्या जुन्या नावामुळे लोकांना वाटायचं की प्रत्येक वस्तू ग्रेस पीरियड संपेपर्यंत सुरक्षित आहे. त्या समजुतीवर लिहिलेल्या कोडमधला दोष शोधण्यात काही जणांचा वेळ गेला, आणि २०१७ साली झेंड्याचं नावच बदलावं लागलं. टीसीपीचं आलेलं पॅकेट कोणत्या जोडणीचं हे ठरवताना कर्नल असंच वागतो : सॉकेट शोधतो, आकडा वाढवतो, मग चारही गोष्टी, म्हणजे दोन्ही पत्ते आणि दोन्ही पोर्ट, पुन्हा जुळवून बघतो. न जुळल्यास सोडून देतो आणि पुन्हा पहिल्यापासून. नवीन सॉकेट तयार करणाऱ्यावरही शिस्त आहे. आधी पत्ते आणि पोर्ट लिहायचे, मग आकडा शून्यावरून वर न्यायचा. क्रम उलटला तर वाचकाने आकडा यशस्वीपणे वाढवलेला असेल आणि तुलना मात्र मागच्या मालकाच्या पत्त्यांशी चाललेली असेल.

इथे आणखी एक गंमत आहे. साखळीवरून चालणारा वाचक एखाद्या सॉकेटवर पोहोचला, आणि तेवढ्यात ते सॉकेट मोकळं होऊन दुसऱ्या जोडणीसाठी दुसऱ्याच साखळीत गुंफलं गेलं, तर वाचक 'पुढचा' म्हणत म्हणत नकळत परक्या साखळीवर जाईल. तिच्या शेवटापर्यंत पोहोचेल आणि म्हणेल, सापडलं नाही. हे 'नाही' खोटं आहे. तो ज्या साखळीत शोधत होता ती त्याने अर्धीच पाहिली. एरिक द्युमाझे यांनी २.६.२९मध्ये यावर जे उत्तर आणलं ते मला फार आवडतं. साखळीच्या शेवटी नुसता शून्य पत्ता न ठेवता तिथे त्या साखळीचा क्रमांक लिहून ठेवला. शेवटाला पोहोचल्यावर वाचक तो क्रमांक वाचतो आणि निघालो त्याच साखळीच्या शेवटाला आलो का हे पाहतो. नसेल तर पुन्हा सुरुवात. एकही जादा कुलूप लागलं नाही, नोंदीत एक बाइटही वाढला नाही.

डेन्ट्री कॅशेतही हाच त्रास फाइलचं नाव बदलताना होतो, कारण नाव बदललं की डेन्ट्री एका हॅश साखळीतून दुसरीत जाते. तिथला उपाय निराळा आहे. नाव बदलण्याचं एक जागतिक क्रमकुलूप (सीक्वेन्स लॉक) आहे; दर बदलाला त्याचा आकडा वाढतो. शोधणारा सुरुवातीला त्याचा आकडा वाचून ठेवतो. डेन्ट्री सापडली तर तो आकड्याकडे पुन्हा बघतसुद्धा नाही. सापडली नाही तरच बघतो, आणि आकडा बदललेला असेल तर शोध परत करतो. 'आहे' हे उत्तर सापडलेल्या वस्तूवरूनच तपासता येतं, 'नाही' या उत्तराला तपासायला समोर काहीच नसतं, ही समज या सहा-सात ओळींच्या फंक्शनमध्ये भरलेली आहे. नकारात्मक नोंदींवरचं प्रकरण मी या पुस्तकात मुद्दाम लांबवलं आहे ते याच कारणाने.

नकारात्मक नोंदी स्थानिक डिस्कवर निरुपद्रवी असतात. कंपायलर एखादी हेडर फाइल दहा डिरेक्टऱ्यांत शोधतो तेव्हा नऊ ठिकाणचं 'नाही' लक्षात ठेवल्याने प्रचंड वेळ वाचतो. नेटवर्कवर मात्र हेच 'नाही' शिळं होतं. एका यंत्राने फाइल तयार केली, दुसरं यंत्र थोडा वेळ ठामपणे सांगतं की अशी फाइलच नाही. लिनक्सच्या एनएफएस ग्राहकात फाइलचे गुणधर्म ठरावीक मुदतीपुरते खरे मानले जातात : साध्या फाइलला किमान ३ सेकंद, डिरेक्टरीला किमान ३०, आणि दोन्हींना कमाल ६०, असे मूळचे आकडे आहेत. फाइल उघडताना सर्व्हरला विचारायचं आणि बंद करताना लिहिलेलं पोचवायचं, एवढंच वचन ग्राहक पाळतो. ज्यांना हे पुरत नाही त्यांच्यासाठी नकारात्मक नोंदींवर न विसंबण्याचा माउंट पर्याय आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या एएफएसने उलट वाट धरली होती. तिथे ग्राहकाकडे प्रत असेतोवर बदल झाला तर कळवीन, असं वचन सर्व्हरच देतो; त्यासाठी सर्व्हरला वही ठेवावी लागते. मुदत, विचारणा आणि वचन या तीन वाटांपैकी कुठलीच फुकट नाही. कोणत्या कामाला कोणती परवडते याबद्दल मी आतल्या पानांत माझी मतं लपवलेली नाहीत.

पिगिन यांनीच पुढे, मार्च २०११च्या २.६.३८मध्ये, संपूर्ण पथशोध कुलपांविना आणि संदर्भमोजणीविना करून दाखवला. एखादा लांब पथ उलगडताना वाटेतल्या कुठल्याही डेन्ट्रीला हात न लावता, फक्त तिचा क्रमांक वाचत पुढे जायचं. क्रमांक बदललेला दिसला की माघार. आज कर्नलमध्ये पथ शोधणारं फंक्शन उघडून पाहा, त्यात तीन प्रयत्न एकाखाली एक दिसतील. पहिला भरधाव, काहीच न धरता. तो फसला तर दुसरा, प्रत्येक पायरी धरून. त्यातही शिळं हँडल निघालं तर तिसरा, ज्यात कॅशेवर अजिबात विश्वास न ठेवता प्रत्येक पायरी फाइल सिस्टीमला विचारून घ्यायची. किती विश्वास ठेवायचा याची ही उतरंड सहा ओळींत मावते. हे पुस्तक हातात घेतलेल्याने ते फंक्शन सुरुवातीलाच एकदा वाचावं असं मी सुचवेन.

आता जिच्यामुळे हा विषय पुस्तकाएवढा मोठा आहे असं मला वाटतं ती हकिगत. प्रत्येक पेज फॉल्टला कर्नलला एक प्रश्न पडतो : हा पत्ता प्रक्रियेच्या कोणत्या स्मृतिक्षेत्रात येतो? २०१४ साली ३.१५मध्ये डेव्हिडलोर ब्युएसो यांनी यासाठी प्रत्येक थ्रेडला चार नोंदींचा छोटा कॅशे दिला. एका थ्रेडने एखादं क्षेत्र मोडलं तर बाकीच्या थ्रेडांच्या कॅशेत त्याचे जुने पत्ते उरणार, आणि दुसऱ्याच्या कॅशेत हात घालायचा तर कुलूप लागणार. म्हणून पिढी क्रमांक आला. क्षेत्र मोडलं की सामाईक क्रमांक एकाने वाढवायचा. प्रत्येक थ्रेड आपल्या कॅशेकडे जाण्याआधी स्वतःचा क्रमांक सामाईक क्रमांकाशी ताडून बघेल आणि जुळला नाही तर आपला कॅशे पुसेल. सुटसुटीत योजना होती. क्रमांक ३२ बिटांचा होता, म्हणजे सुमारे ४२९ कोटी मोडींनंतर तो फिरून शून्यावर येणार. त्याचीही सोय होती : शून्यावर आला की सगळ्या थ्रेडांचे कॅशे पुसून टाकायचे.

३.१६मध्ये या सोयीत एक छोटी सुधारणा झाली. प्रक्रियेत एकच थ्रेड असेल तर इतरांचे कॅशे पुसण्याची गरज नाही. आणि जो आहे त्याचा क्रमांक आता जुळत नसल्यामुळे पुढच्या शोधाच्या वेळी तो स्वतःच पुसेल. वाचताना यात काहीही खटकत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतले यान हॉर्न यांनी विचारलं की तो पुढचा शोध घेतलाच नाही तर? थ्रेडचा क्रमांक सर्वांत मोठा असताना सामाईक क्रमांक शून्यावर आणायचा, त्या थ्रेडला गप्प बसवायचं, नवा थ्रेड काढायचा, आणि त्याच्याकडून क्रमांक पुन्हा सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत वाढवत न्यायचा. आता पहिला थ्रेड जागा झाला की दोन्ही क्रमांक जुळतात. त्याच्या कॅशेतले पत्ते पूर्ण एका फेरीइतके जुने असतात, ज्या क्षेत्रांकडे ते बोट दाखवतात ती केव्हाच मोकळी झालेली असतात, आणि कर्नल त्यांना ताजं मानतो. हॉर्न यांचं प्रात्यक्षिक चालायला साधारण तासभर लागायचं. शेवटी साध्या वापरकर्त्याच्या हातात रूट येत असे. या दोषाला सीव्हीई-२०१८-१७१८२ हा क्रमांक मिळाला.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी दोनच दिवसांत केलेली दुरुस्ती बघण्यासारखी आहे. चुकलेली अट सुधारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. क्रमांक ६४ बिटांचा केला आणि सगळे कॅशे पुसणारं ते फंक्शनच काढून टाकलं. सेकंदाला एक अब्ज या वेगाने वाढवत बसलं तरी ६४ बिटांची एक फेरी पूर्ण व्हायला ५८४ वर्षं लागतात. क्वचित घडणाऱ्या प्रसंगासाठी लिहिलेला कोड कोणी तपासत नाही. तो प्रसंगच उरणार नाही असं करता आलं तर ते करावं, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा दाखवता येणार नाही. क्रमांकाची रुंदी वाचवण्यात मिळालेले चार बाइट कोणाच्या उपयोगी पडले होते कोण जाणे.

गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत हा कॅशे सगळाच गेला. लियम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांनी स्मृतिक्षेत्रांसाठी मेपल ट्री ही नवी रचना आणली. ती इतकी वेगवान की वेगळा कॅशे ठेवायची गरज उरली नाही. या झाडात बदल करताना जुनी गाठ जागेवर न सुधारता तिच्या जागी नवी गाठ बसवली जाते, आणि जुनी आरसीयूच्या नियमाने मागाहून मोकळी होते. आता प्रक्रियेचं स्टॅक खाली वाढताना कर्नल पूर्वीपासून फक्त वाचणाऱ्याचं कुलूप घेऊन क्षेत्राची सीमा हलवत असे. जुन्या रचनेत ते चालून जायचं. नव्या झाडात त्याच कृतीने गाठ बदलली जाऊ लागली. त्याच वेळी झाडावर फिरणाऱ्या दुसऱ्या थ्रेडकडेही वाचणाऱ्याचं कुलूप होतं, पण तो आरसीयूच्या वाचनक्षेत्रात नव्हता. म्हणजे ग्रेस पीरियड त्याच्यासाठी थांबणार नव्हता. त्याच्या पायाखालची गाठ मोकळी होत असे. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या रुइहान ली यांनी जून २०२३मध्ये हे दाखवून दिलं. त्याला स्टॅकरॉट असं नाव पडलं, आणि त्याच महिन्यात आलेल्या दुरुस्तीत स्टॅक वाढवण्यासाठी लिहिणाऱ्याचं कुलूप सक्तीचं झालं. कॅशे काढून टाकल्याने शिळ्या नोंदींचा प्रश्न मिटला, आणि बदललेल्या नोंदींचा उभा राहिला. दोन्ही वेळा वाचणाऱ्याची एक समजूत होती, बदलणाऱ्याची दुसरी.

टीएलबीबद्दल इथे फार लिहीत नाही. एक्स-८६ प्रोसेसरांवर डेटाचे कॅशे हार्डवेअर आपापसांत जुळवून घेतं, टीएलबीचं काम मात्र कर्नलवर सोडलेलं आहे. एका कोअरवर पत्त्यांचा नकाशा बदलला की बाकीच्या कोअरांना थांबवून त्यांची जुनी भाषांतरं पुसायला लावावी लागतात, आणि हे थांबवणं महाग पडतं. २०१७च्या ४.१४पासून तिथेही ६४ बिटांचे पिढी क्रमांक आले आहेत. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. रूटिंग कॅशेवरही आहे, पण ते मृत्युलेखासारखं आहे : बाहेरून मुद्दाम निवडलेल्या पत्त्यांची पॅकेटं धाडून तो कॅशे गुदमरवता यायचा, शिवाय त्यातल्या नोंदी ताज्या ठेवण्याचा खटाटोप मोठा, म्हणून २०१२ साली ३.६ आवृत्तीत डेव्हिड मिलर यांनी तो पूर्ण उपटून टाकला आणि मूळ रूटिंग टेबलातला शोधच पुरेसा वेगवान केला. कॅशे काढून टाकणं हाही त्याला सांभाळण्याचा एक मार्ग असतो, हे सांगायला कर्नलच्या इतिहासात यापेक्षा मोठं उदाहरण नाही.

वाचकाला सी भाषा येते आणि पॉइंटरची भीती गेलेली आहे एवढं मी गृहीत धरलं आहे. कुलपं, अणुक्रिया आणि स्मृती अडसर यांची ओळख दुसऱ्या प्रकरणात आहे. ज्यांना ती आहे त्यांनी ते खुशाल ओलांडावं. डेन्ट्री कॅशेच्या प्रकरणांसाठी कर्नलच्या मूळ संहितेतल्या फाइल सिस्टीमच्या फोल्डरातली डीकॅशे आणि नेमआय या दोन फाइली समोर उघडून बसा. फंक्शनांची नावं आवृत्तीगणिक थोडी सरकतात, टिपणं फारशी बदलत नाहीत, आणि त्या फाइलींमधली टिपणं कोडइतकीच लक्ष देऊन वाचण्याच्या लायकीची आहेत. प्रयोग आभासी यंत्रावर करा. केॲझन हे स्मृतीवर लक्ष ठेवणारं साधन चालू केलेला कर्नल बांधून घ्या, म्हणजे मोकळ्या झालेल्या वस्तूला हात लागला की पहिल्याच वेळी आरडाओरडा होईल. पाचव्या प्रकरणातला शर्यतीचा प्रयोग एकाच कोअरच्या यंत्रावर सहसा साधत नाही, तेव्हा यंत्राला निदान चार कोअर द्या.